पुनवेला खाडी कोरडी

हे प्रकरण मी टाळत आलो. आठवणी लिहायला पहिल्यांदा बसलो तेव्हा पेणच्या शाळेपर्यंत नीट आलो आणि तिथून एकदम मुंबईच्या नोकरीवर उडी मारली. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हाही तसंच. माझी मुलगी मीरा, तिनं ते वाचून विचारलं, "बाबा, तुम्ही अकरावी-बारावीला खारेपाटात मावशीकडे राहत होता ना? ती दोन वर्षं कुठे गेली?" मी म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. तिला ते पटलं नसावं, पण ती माझ्यासारखीच आहे, कुणाला फार खोदून विचारत नाही.

मीरा पुण्याला एका कंपनीत कॉम्प्युटरवरचे खेळ तपासण्याचं काम करते. खेळ बाजारात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हा तिचा पगाराचा धंदा. दिवाळीला ती आली होती, दुपारी लॅपटॉप घेऊन बसली होती आणि मी शेजारी चहा पीत उगाच बघत होतो. पडद्यावर एक शिपाई होता आणि समोर किल्ल्याची भिंत. मीरानं डाव्या कोपऱ्यातलं एक बटण दाबलं. वरून अर्ध्या पडद्याएवढी काळी पट्टी खाली उतरली आणि तिच्यात एक रेघ लुकलुकू लागली. मीरानं दोन शब्द टाइप केले, पट्टी वर गेली आणि तो शिपाई भिंतीतून आरपार चालत निघून गेला. मी कप खाली ठेवला. "हे काय?" मी विचारलं. "कन्सोल. खेळ बनवणाऱ्यांसाठी ठेवलेला असतो. आम्हाला तपासायला लागतो. लोक चीटिंग करायला वापरतात." "आणि कोण तपासतंय, कोण चीटिंग करतंय, ते कळणार कसं?" ती हसली. "बटणं तीच असतात, बाबा. तपासणारा सांगतो, मी हे हे बदललं होतं म्हणून. दुसरा सांगत नाही."

मी उठून गॅलरीत गेलो. ती लुकलुकणारी रेघ मी ओळखत होतो. म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही रोह्याकडची माणसं, भात आणि वाल पिकवणारी. आईला रोह्याच्या बाजूला दिली आणि तिच्या धाकट्या बहिणीला पेणच्या खारेपाटात. दोन्ही गावांत फार अंतर नाही, पण पाण्याचा स्वभाव वेगळा. आमच्याकडे पाणी म्हणजे कुंडलिका नदी. ती येते आणि जाते एकाच दिशेनं. मावशीकडे पाणी म्हणजे खाडी, दिवसातून दोनदा चढणारी आणि दोनदा उतरणारी. शेतं खाडीच्या पातळीच्या खाली आणि मधे मातीचा लांबच लांब बांध. बांधाला एका जागी लाकडी फळ्यांचा दरवाजा होता, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला उघाडी उघडायची म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी निघून जातं. भरती लागायच्या आत बंद करायची, नाहीतर खारं पाणी आत येऊन जमीन काही वर्षांसाठी मरते. उघाडी सांभाळायची गावात पाळी असायची, पण प्रत्यक्षात बहुतेक दिवस ते काम मावशीचे यजमान करायचे. त्यांना सगळं गाव आप्पा म्हणे, मीही आप्पाच म्हणायचो. घड्याळ त्यांनी कधी हाताला बांधलं नाही. जेवता जेवता हातातला घास थांबवून म्हणायचे, "लागली," आणि उठायचे. मी कान देऊन ऐकायचो. मला काही ऐकू यायचं नाही. थोड्या वेळानं मात्र उघाडीच्या फळ्यांवर पाण्याची थाप बसायला लागायची, ठक, ठक, कुणीतरी दार वाजवत असल्यासारखी. त्या आवाजात मी दोन वर्षं झोपलो.

घर साधं, मातीनं सारवलेलं. दारापुढच्या तळ्यात मावशीनं जिताडे मासे सोडलेले असायचे, पण ते पाहुण्यांसाठी किंवा सणासाठी. आमचं रोजचं जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि आईनं रोह्याहून पाठवलेले कडवे वाल. वाल भिजवून, मोड आणून, कोमट पाण्यात टाकून सोलायचे. हे काम माझ्याकडे आणि शैलाकडे असायचं. शैला म्हणजे मावशीची एकुलती मुलगी. माझ्याहून दीड वर्षानं मोठी, पण मधे एक वर्ष टायफॉइडमध्ये गेलं, म्हणून माझ्याच वर्गात. मी तिला कधी ताई म्हटलं नाही. मावशी सुरुवातीला टोकायची, "वसंता, मोठी हाय ती तुझ्यापेक्षा." शैलाच म्हणायची, "राहू दे गो आई. ताई म्हटलं की मलाच जास्त वाल सोलायला लागतील." तिची बोटं झरझर चालायची. एका दाबात वाल सालातून सुटून परातीत पडायचा आणि तिचं लक्ष भलतीकडेच असायचं.

तिचं लक्ष कुठे असायचं ते मला माहीत होतं. आमच्या पेणच्या शाळेला सरकारकडून दोन कॉम्प्युटर आले होते. आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण त्यातला प्रोग्राम साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. चढवायला लागलं की कॅसेट किंचाळायची, आणि ती किंचाळी संपेपर्यंत सगळ्यांनी हात जोडून बसल्यासारखं गप्प बसायचं. शिकवणारे सर आमच्यापेक्षा दोन धडे पुढे होते, इतकंच. शैला मात्र थोड्याच महिन्यांत त्यांच्या पुढे गेली. ती कागद मिळेल त्यावर प्रोग्राम लिहायची; जुन्या कॅलेंडरच्या मागे, बिस्किटाच्या पुड्याच्या आत. काय लिहितेस विचारलं तर म्हणाली, "उघाडी."

तिनं उघाडीचा खेळ केला होता. पडद्याच्या डावीकडे निळी खाडी, मधे तपकिरी बांध, उजवीकडे शेताचे हिरवे चौकोन. वरच्या कोपऱ्यात चंद्र, तो रोज थोडा थोडा वाढायचा. आभाळातून पाऊस पडून शेतात पाणी साठायचं आणि डावीकडून भरती चढायची. एका बटणानं उघाडी उघडायची, दुसऱ्यानं बंद करायची. चुकलात तर शेताचा एकेक चौकोन पांढरा पडायचा. पांढरा म्हणजे मीठ. त्या खेळातलं सगळं तिनं आप्पांकडून उचललं होतं. संध्याकाळी आप्पा बिडी ओढत बसले की ही शेजारी जाऊन विचारायची: अष्टमीला पाणी कुठपर्यंत येतं, पुनवेला कुठपर्यंत, वारा असला तर किती जास्त. आप्पा आधी कंटाळायचे. "यंत्राला कला हवंय हे?" मग हळूहळू त्यांनाच ओढ लागली. एकदा वाल सोलत असताना ते मुद्दाम येऊन म्हणाले, "शैले, मघाशी चुकीचं सांगितलं. आश्विनात पाणी बोटभर जास्त चढतं. घाल तुझ्या यंत्रात." ती उठून कॅलेंडरच्या मागे लिहायला पळाली आणि मी एकटा वाल सोलत राहिलो.

खेळ चालू असताना एस्केपचं बटण दाबलं की चित्र थांबायचं आणि खाली ती रेघ लुकलुकायची. मग पाण्याची उंची, पावसाचा जोर, काहीही विचारता यायचं आणि बदलताही यायचं. पाणी दर ठोक्याला किती चढायचं, त्या आकड्याचं नाव तिनं 'वाढ' ठेवलं होतं, इंग्रजी अक्षरांत. तिथे 'वाढ' शून्य लिहिली आणि खेळ पुढे चालू केला की भरती थांबायची. तिनं मला हे सगळं दाखवलं. ती असं करून बघायची: पाणी थांबवून नुसता पाऊस बरोबर निचरतो का, पाऊस थांबवून नुसती भरती बरोबर चढते का. झालं की कॅसेट पुन्हा पहिल्यापासून चढवायची. "एवढी किंचाळी कशाला पुन्हा?" मी म्हणायचो. "आकडाच परत लिही की." ती म्हणायची, "विसरले तर? नि विसरले हे पण विसरले तर?"

त्याच वर्षी श्रावणातल्या एका उधाणाला बांधाला खांड गेली. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. दुपार होती. कुणीतरी बांधावरून ओरडलं आणि प्रत्येक घरातून एक माणूस टोपली किंवा घमेलं घेऊन धावलं. त्या गावची रीतच ती, त्या वेळी घरात कोण आजारी, कुणाचं कुणाशी भांडण, काही चालत नाही. ज्याच्या पाळीत खांड गेली तो सगळ्यात आधी पाण्यात उतरतो. आप्पा छातीभर पाण्यात उभे राहून खुंट धरत होते आणि आम्ही पेंढा आणि चिखल टाकत होतो. खांड बुजली. आप्पा वर आले, बांधावर उभे राहिले आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "माझ्या पाळीत गेली." एवढंच. कुणी काही बोललं नाही. एका म्हातारीनं त्यांच्या हातात चहाचा पेला दिला. आमच्या रोह्याकडे असं काही झालं असतं तर दोन पिढ्या भांडण चाललं असतं. मी शैलाला हळूच विचारलं, "आता त्यांना कोण बोलणार नाय?" "बोलायचं काय? सांगितलं ना त्यांनी." "आणि नसतं सांगितलं तर?" ती पायाचा चिखल बांधाच्या दगडावर खरवडत होती. "तर खांड कशी गेली ते कुणालाच कळलं नसतं. सगळा गाव नुसता बांध चाचपत बसला असता."

हे वाक्य मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही.

हिवाळ्यात विज्ञान प्रदर्शन आमच्याच शाळेत भरायचं ठरलं. मुंबईच्या एका तंत्रशिक्षण संस्थेतले एक प्राध्यापक आणि एक बाई येणार होत्या. कॉम्प्युटरची पदविका तिथे नवीनच सुरू झाली होती; मुलींसाठी वसतिगृह होतं आणि गावाकडच्या हुशार मुली त्यांना हव्या होत्या. सरांनी शैलाचं नाव आधीच कळवलं होतं. पाहुण्यांनी खेळ बघायचा, तिच्याशी बोलायचं आणि मग ठरवायचं. घरात मात्र दुसरं चाललं होतं. रोह्याहून एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा कंपनीत लागलेला, शिफ्टची नोकरी, स्वतःचं घर. मावशी त्याच्या बाजूनं होती. आप्पा म्हणाले, "आधी ते मुंबईवाले काय बोलतात बघू. त्यांनी नेली तर जाऊ दे. पोरगी हुशार हाय. नाय नेली तर रोहा काय वाईट नाय." शैला त्या रात्री जेवली नाही, आनंदानं. आप्पांनी तिला पहिल्यांदा हुशार म्हटलं होतं, आणि तेही ती समोर असताना.

प्रदर्शनात ती पाहुण्यांना समजावून सांगणार आणि मी खेळून दाखवणार, असं सरांनी ठरवलं. आता खरं सांगायचं तर मला तो खेळ कधीच जमला नाही. मी नदीकाठचा, भरती कधी लागते हे मला आतून कळत नसे. माझी शेतं हटकून पांढरी पडायची. शैला हसायची, "वश्या, तुला खारेपाटात कोण पोरगी देणार नाय." वर्गातली मुलंही तेच म्हणून चिडवायची. जो तो 'शैलाचा खेळ, शैलाचा खेळ' करायचा आणि मी म्हणजे त्या खेळात बुडणारा माणूस. प्रदर्शनाच्या सकाळी हॉल भरला होता. आमच्या वर्गातल्या मुली ओळीनं उभ्या होत्या. खारेपाटातली पाच-सात माणसं मुद्दाम पायी आली होती, आप्पांची उघाडी पडद्यावर कशी दिसते ते बघायला. पाहुणे फाटकाशी आल्याचं कळलं आणि सरांनी शैलाला त्यांना आणायला पाठवलं. चंद्र अष्टमीवर ठेवून खेळ चालू करून ती गेली. टेबलाशी मी एकटा राहिलो. मी एस्केप दाबलं, 'वाढ' शून्य लिहिली आणि खेळ पुढे चालू केला.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की ते मी तिच्यासाठी केलं. शेत बुडलं असतं तर पाहुण्यांना वाटलं असतं, खेळच वाईट. आज हे लिहिताना तसं लिहून टाकणं सोपं आहे. पण बटण दाबताना माझ्या डोळ्यासमोर शैला नव्हती. माझं शेत हिरवं राहिलं आहे आणि मुली बघताहेत, हे होतं.

पाहुणे आले. पाठोपाठ आप्पा, धुतलेला सदरा, हातात टोपी. शैला बोलायला लागली आणि इतकं छान बोलली की प्राध्यापक खुर्ची ओढून बसले. मी खेळत होतो. पाऊस पडत होता, मी उघाडी उघडी ठेवली होती, पाणी निचरत होतं, सगळे चौकोन हिरवेगार. अष्टमीच्या सुमाराला भरती तशीही नरम असते, त्यामुळे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मला तर काहीच कळत नव्हतं. मी मान ताठ करून बसलो होतो. चंद्र मात्र वाढत होता. दशमी गेली, द्वादशी गेली. चंद्र गोल झाला. खाडी तळाशी तशीच पडून होती आणि उघाडी सताड उघडी.

मागून नामाकाका, आप्पांचे शेजारी, मोठ्यानं हसले. "अरं, पुनव झाली नि उघाडी उघडी टाकून हा निवांत बसलाय! शैले, तुझा दर्या मेला काय गो?" दुसरा कुणी म्हणाला, "पुनवेला खाडी कोरडी! आप्पा, तुमची पोर बांध काढून टाका म्हणेल आता!" सगळे हसले. बाहेरच्या शाळांची मुलं, त्यांना काय झालं ते न कळताच, तीही हसली. प्राध्यापकांनी चष्मा सारखा करून विचारलं, "भरती येत नाही का यात?" शैला पडद्याकडे बघत होती. "येते. सर, येते. रोज येते." तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. मग ती सावरली. तिला बरोबर ठाऊक होतं काय करायचं ते. "एक मिनिट," म्हणाली आणि एस्केप दाबून आकडे विचारायला तिनं कीबोर्डकडे हात पुढे केला.

तिनं विचारलं असतं तर पडद्यावर शून्य आलं असतं, आणि ते कुणी लिहिलं हे तिला त्याच क्षणी कळलं असतं. तिचा हात पोचायच्या आत मी ब्रेकचं बटण दाबलं, ज्यानं चढवलेलं सगळं पुसून यंत्र पहिल्यापासून सुरू व्हायचं. पडदा काळा झाला. सगळे आकडे पुसले गेले. "चुकून लागलं," मी म्हणालो.

पहिली गोष्ट पोरकटपणात गेली असती. ही दुसरी मी समजून केली.

तिनं कॅसेट लावली. किंचाळी सुरू झाली. प्राध्यापक थोडा वेळ थांबले, मग बाईंनी घड्याळ बघितलं आणि ते पुढच्या टेबलाकडे गेले, जिथे कुणी बटाट्यावर दिवा लावून दाखवत होतं. खेळ चढला तेव्हा भरती व्यवस्थित चढली, उधाणाला बांधाला लागली, सगळं बरोबर. बघायला कुणी नव्हतं. आप्पा होते. ते जरा वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग टोपी घातली. रागावले नाहीत. नामाकाकांना दारात म्हणाले ते मी ऐकलं आणि तिनंही ऐकलं: "उघाडीवर वाढली, पण पोरीला पाणी कळलं नाय."

मुंबईहून पत्र आलं नाही. शैलानं त्याबद्दल तक्रार केली नाही. ती फक्त चूक शोधत राहिली. वाल सोलता सोलता थांबायची आणि म्हणायची, "वश्या, चंद्र गोल झाला की काहीतरी होत असेल का? द्वादशीनंतर?" ती शाळेत जाऊन तोच खेळ पुन्हा पुन्हा चालवायची, पुनवेपर्यंत न्यायची, आणि दर वेळी भरती यायची. चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं तिला. बरोबर चालताना बघून ती जास्त खचायची. कॅलेंडरच्या मागचे कागद भिंतीला लावून उभी राहायची, एकेक ओळीवर बोट ठेवत. सगळा गाव बांध चाचपत बसला असता, असं ती म्हणाली होती. आता ती एकटीच चाचपत होती, आणि खांड कुठे आहे ते तिच्या शेजारी बसून वाल सोलणाऱ्याला माहीत होतं. मी म्हणायचो, "सोड ना आता." पुढल्या मार्गशीर्षात ती लग्न होऊन रोह्याला गेली. ती पदविका नंतर मी केली. त्याच संस्थेत. मी मुलगा होतो; मला पाठवायला माझ्या वडिलांना कुणाच्या पत्राची वाट बघावी लागली नाही.

रोह्यात तिचं घर कुंडलिकेच्या बाजूला होतं. नवरा सज्जन होता, संसार चांगला झाला, मुलगा-मुलगी शिकली. हे मी स्वतःच्या समाधानासाठी लिहीत नाही, खरंच तसं होतं. पण तिनं कॉम्प्युटरला परत कधी हात लावला नाही. तिच्या मुलानं घरात घेतला तेव्हाही त्याच्यावर टाकायला आवरण शिवलं तेवढंच. मी सुट्टीत जायचो. एकदा, आम्ही दोघंही पन्नाशी ओलांडल्यावर, मी तिच्या ओटीवर बसलो होतो आणि ती वाल सोलत होती. सवयीनं मीही परातीत हात घातला. ती म्हणाली, "वश्या, तू एवढी वर्षं कॉम्प्युटरमध्ये काढलीस. मला एक सांग. असं होतं का रे, की एकदाच चुकतं नि परत कधीच नाय?"

सांगायचं होतं तर हीच वेळ होती. ओटीवर आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "होतं कधी कधी. व्होल्टेज वर-खाली होतं. तेव्हा तर पेणला लाइट किती खेळायची, आठवतं ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हणजे माझी चूक नव्हती?"

"नाय. तुझी नव्हती." ते बाकी खरं होतं.

तिनं ओला हात पदराला पुसला. डोळे भरले होते तिचे, पण हसत होती. "आप्पांना सांगायला पायजे होतं रे," म्हणाली. आप्पांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मग तिनं मला आग्रहानं जेवायला ठेवलं. बिरडं केलं. मी दोनदा भात घेतला आणि घरी आलो.

मीराचा तो काळा कन्सोल बघितला त्यानंतर मी ठरवलं की आता जायचं. बायकोला सांगितलं, रोह्याला जाऊन येतो. पण निघेन निघेन म्हणताना शैलाला झटका आल्याचा फोन आला. गेलो तेव्हा ती कॉटवर होती, ओळखत होती, बोलता येत नव्हतं. खोलीत माणसं होती. मी शेजारी बसलो. उजव्या हाताची तिची दोन बोटं चादरीवर हलत होती, अंगठा पुढे सरकायचा, वाल सोलताना सरकतो तसा. मी म्हणालो, "बरी हो आधी. मग मला तुला काही सांगायचंय." बरी हो आधी! तेव्हाही मी वेळ मागून घेतली. त्याच आठवड्यात ती गेली.

तेराव्याला सगळे जमले होते. खारेपाटातलेही बरेच आले होते. आप्पांची पिढी संपली, त्यांची मुलं होती. शैलाच्या मुलीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मामा, आई सांगायची, तुम्ही दोघांनी मिळून शाळेत एक खेळ बनवला होता. खरं?"

दोघांनी. तिनं घरी असं सांगितलं होतं.

सगळे माझ्याकडे बघत होते. उघाडी ज्यांना माहीत आहे, खांड ज्यांना माहीत आहे, अशी ती माणसं. मी उठून उभा राहिलो असतो आणि आप्पांचे ते तीन शब्द म्हटले असते तर कुणी मला काही बोललं नसतं. कुणीतरी चहाचा पेला हातात दिला असता. मी म्हणालो, "हो. खरं."

आता जिला सांगायचं ती उरली नाही म्हणून इथे लिहितो. रोह्याच्या गाडीत बसताना दर वेळी पाठ केलं होतं, दर वेळी परत आणलं, ते एवढंच होतं:

ताई, तुझ्या खेळात चूक नव्हती. तुला पाणी कळलं होतं. 'वाढ' मी शून्य केली आणि तू बघू नयेस म्हणून ब्रेकही मीच दाबला. खांड माझ्या पाळीत गेली.